अंतराळाचे थेट प्रक्षेपण आणि मालवणचा किनारा

मालवणात घराच्या छपरावर बसवलेली फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे, सह्याद्रीच्या बाजूला तोंड करून असते. त्या दिशेला क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर जीसॅट-१५ हा भारतीय उपग्रह आहे. त्याच छपरावर दुसरी छत्री बसवून ती उलट बाजूला, पश्चिमेपासून थोडी दक्षिणेकडे, अरबी समुद्रावर ३३ अंश उंच वळवली तर तिच्यासमोर येतो एस-हेल-२ हा कतारचा उपग्रह. तो आफ्रिकेच्या मध्यावर, २५.९ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. पहिल्या छत्रीतून दूरदर्शन दिसते. दुसरीतून जगभरचे हौशी रेडिओवाले, म्हणजे ‘हॅम’, एकमेकांना पाठवत असलेली चित्रे आणि आवाज मिळू शकतात. भूस्थिर कक्षेतल्या उपग्रहावर हौशी मंडळींसाठी राखलेली ही जगातली पहिली सोय.

अंतराळ मोहिमा घरबसल्या पाहण्याचे हे दोन मार्ग आहेत. कोणीतरी आपल्यासाठी निवडून, जुळवून, निवेदनासह पाठवलेले प्रक्षेपण हा एक. आकाशातून येणारी लहर आपल्या अँटेनाने आपणच झेलणे हा दुसरा. पहिला मार्ग आपल्या अंगवळणी पडला आहे. दुसरा तितकाच खुला आहे आणि मालवणच्या किनाऱ्याला तो विशेष अनुकूल आहे.

आधी कानांनी, मग डोळ्यांनी

नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ची सकाळ होती, साडेआठ वाजत आले होते. देशात दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. मुंबईचे केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावे लागले. चंद्रावरचे ते पाऊल महाराष्ट्राने रेडिओवर ऐकले आणि मग वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत पाहिले.

चित्र समुद्रापलीकडून यायचे तर मोठे भूकेंद्र हवे. ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वी येथे उभे राहिले. सुमारे ३० मीटर व्यासाची त्याची अँटेना भारतीय अभियंत्यांनी उभारली आणि पुढे केंद्राला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. परदेशातून उपग्रहामार्गे येणारे दूरध्वनी आणि दूरचित्रवाणीचे संकेत भारतात उतरण्याचे ते पहिले दार होते.

आर्वीचे दार राष्ट्रासाठी होते. एखाद्या खेड्याने आपल्या अंगणातच उपग्रहाचे चित्र उतरवून घ्यावे, ही त्याच्या पुढची झेप. ती घेतली ‘साइट’ या प्रयोगाने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम थेट उतरले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून बनवलेल्या तीन मीटरच्या छत्र्या गावोगावी उभ्या राहिल्या. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण प्रयोगाची धुरा कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. साराभाईंचे हे सहकारी पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक झाले.

या प्रयोगाचा अंतराळ मोहिमांशी अगदी सरळ संबंध आहे. जुलै १९७५मध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयूझ ही याने कक्षेत एकमेकांना जोडली गेली, तेव्हा अपोलोकडचे संदेश आणि चित्रे पृथ्वीवर पोचवण्याचे काम एटीएस-६ने केले. भारतासाठी तो ३५ अंश पूर्व रेखांशावर आणलेला होता. जुलैत अंतराळवीरांचे हस्तांदोलन जगाला दाखवायला हातभार लावणारा उपग्रह ऑगस्टमध्ये भारतीय शेतकऱ्याला बियाण्यांची माहिती देऊ लागला. त्याच काळात इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही एक छत्री बसवून दिली. भूस्थिर उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल असे १९४५ साली लिहिणाऱ्या लेखकाला आपली कल्पना स्वतःच्या घरात पडद्यावर पाहता आली.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८२मध्ये इन्सॅट-१ए आकाशात गेला, पण काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर या अवकाशयानातून गेलेल्या इन्सॅट-१बीने मात्र देशाची दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने उपग्रहावर नेली. डोंगरदऱ्यांच्या कोकणाला याचे महत्त्व मोठे होते. मनोऱ्यावरून सरळ रेषेत जाणारी लहर घाटामागे अडते, डोक्यावरून येणारी अडत नाही. एप्रिल १९८४मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११मधून सॅल्यूट-७ स्थानकावर गेले आणि पंतप्रधान इंदिरा गांधींशी त्यांचा संवाद दूरदर्शनवरून देशाने पाहिला. अंतराळातल्या भारतीयाला पाहण्याचा तो पहिला प्रसंग.

पडद्यावरचे चित्र कुठून येते

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३चा विक्रम हा अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर त्या वेळी ऐंशी लाखांहून अधिक प्रेक्षक एकाच क्षणी जोडलेले होते. दूरदर्शनवरून पाहणारे वेगळेच.

त्या वीस मिनिटांत आपण नेमके काय पाहिले? यानाचे उतरणे दाखवणारा चंद्रावरचा कॅमेरा त्या क्षणी आपल्यासमोर नव्हता. यानाचा वेग, उंची, झुकाव असे आकडे रेडिओ लहरींतून बंगळूरजवळच्या ब्याललू येथील ३२ मीटरच्या अँटेनापर्यंत येत होते. चंद्रापासून इथवर यायला त्यांना सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागत होता. तिथून ते बंगळूरच्या नियंत्रण कक्षात जात आणि संगणक त्यांचा आलेख व हलते रेखाचित्र बनवत. त्या पडद्यांचे आणि कक्षातल्या शास्त्रज्ञांचे चित्रण मग पुन्हा आकाशात ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे जाऊन घरोघरच्या छत्र्यांत उतरे. या वर-खाली प्रवासात आणखी पाव सेकंद जाई. एका संध्याकाळी एकच बातमी तीन वेळा आकाशातून गेली: चंद्रावरून खाली, मग भारतातून वर, मग पुन्हा खाली घराघरांत.

प्रक्षेपणाचे सामर्थ्य यात आहे. हिरवी रेषा ठरल्या मार्गावरून ढळली नाही, हे गणित न शिकलेल्या माणसालाही कळले. मात्र ती रेषा दुसऱ्याने आपल्यासाठी काढलेली असते. मूळ लहर जगातल्या कोणालाही झेलता येते. तशी ती झेलणारे लोक अंतराळयुगाच्या आरंभापासून आहेत.

परस्पर ऐकणारे

फेब्रुवारी १९६६मध्ये सोव्हिएत संघाचे लूना-९ चंद्रावर अलगद उतरले. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेतल्या शास्त्रज्ञांना त्याचे संकेत ऐकताना जाणवले की हा आवाज वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत छायाचित्रे पाठवणाऱ्या यंत्रासारखा आहे. ‘डेली एक्सप्रेस’ या दैनिकाकडून तसे यंत्र आणून जोडले आणि कागदावर चंद्राची जमीन उमटली. चंद्राच्या पृष्ठभागावरून आलेले पहिले छायाचित्र सोव्हिएत सरकारने प्रसिद्ध करण्याआधीच ब्रिटिश वाचकांच्या हाती पडले.

जुलै १९६९मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात एका हौशी रेडिओवाल्याने घरी बनवलेली अँटेना चंद्राकडे रोखली आणि अंतराळवीरांचे संभाषण नासाच्या प्रक्षेपणाची वाट न पाहता थेट चंद्रावरून ऐकले.

चंद्रयान-२चा विक्रम सप्टेंबर २०१९मध्ये उतरत होता, तेव्हा नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो येथील २५ मीटरची जुनी रेडिओ दुर्बीण त्याच्यावर रोखलेली होती. १९५६ साली बांधलेली ही दुर्बीण आता स्वयंसेवक चालवतात. यानाचा वेग बदलला की त्याच्या लहरीची वारंवारता बदलते, हा डॉप्लर परिणाम. ड्विंगेलोच्या आलेखात विक्रमच्या वेगाची वक्ररेषा उमटत गेली आणि भारतीय वेळेनुसार पहाटे दोनच्या सुमारास ती तुटली. बंगळूरच्या कक्षातली शांतता आपण दूरदर्शनवर पाहत होतो, त्याच वेळी हजारो किलोमीटरवरच्या हौशी मंडळींच्या पडद्यावर तीच बातमी रेषेच्या रूपात आली होती.

या परंपरेतले एक मोठे काम महाराष्ट्रात झाले. आर्वीपासून जवळच, खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापरेली यान मंगळाच्या वातावरणात शिरले. त्याचा अवघ्या काही वॅटचा संकेत कोट्यवधी किलोमीटर ओलांडून पावणेदहा मिनिटांनी नारायणगावच्या माळावर पोचला. यान वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली, ही खूण जगाला सर्वांत आधी तिथून मिळत होती. जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी संकेत थांबला आणि यान आदळल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्या संध्याकाळी युरोपातले नियंत्रक जुन्नर तालुक्यातल्या अँटेनांकडे डोळे लावून बसले होते.

शिळेतून उमटणारे चित्र

जीएमआरटी प्रत्येकाच्या परड्यात उभी राहू शकत नाही. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून येणारे चित्र झेलायला हातात मावणारा रिसीव्हर पुरतो.

या पद्धतीला मंदगती दूरचित्रवाणी म्हणतात. कोप्थॉर्न मॅकडॉनल्ड या अमेरिकी तरुणाने ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. कल्पना साधी आहे. चित्र ओळीओळीने वाचायचे आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड आवाजाच्या पट्टीत बदलायचा. काळ्यासाठी १५०० हर्ट्झ, पांढऱ्यासाठी २३०० हर्ट्झ, करड्या छटांसाठी त्यांच्या मधले सूर, आणि ओळींची सांधेजोड राखायला १२०० हर्ट्झची खूण. ऐकणाऱ्याला चढउतार होणारी शीळ ऐकू येते. तीच शीळ फोनमधल्या किंवा संगणकातल्या साध्या प्रणालीला ऐकवली की चित्र वरून खाली हळूहळू भरत जाते.

१९८३च्या अखेरीस अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानातून पृथ्वीवरच्या हॅम मंडळींशी संवाद साधला आणि अंतराळातल्या हौशी रेडिओची सुरुवात झाली. १९८५ साली टोनी इंग्लंड यांनी चॅलेंजरवरून मंदगती चित्रांची देवाणघेवाण केली. आता ही चित्रे स्थानकावरून ठरावीक दिवशी येतात. गागारिनच्या उड्डाणासारख्या घटनांच्या स्मरणार्थ मालिकाच काढल्या जातात. वारंवारता १४५.८०० मेगाहर्ट्झ. नेहमीच्या ‘पीडी-१२०’ पद्धतीत ६४० बाय ४९६ ठिपक्यांचे एक रंगीत चित्र पाठवायला साधारण दोन मिनिटे लागतात.

स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने, साधारण ९२ मिनिटांत एक फेरी मारते. मालवणच्या आकाशातून ते दहा मिनिटांच्या आसपास जाते. तेवढ्यात दोन-तीन चित्रे हाती लागतात. ते जवळ येत असताना वारंवारता तीन किलोहर्ट्झच्या आसपास चढलेली असते, दूर जाताना तेवढीच उतरते. ड्विंगेलोवाल्यांनी विक्रमबाबत पाहिलेला डॉप्लर परिणाम इथे आपल्या हातातल्या यंत्रावर अनुभवता येतो.

किनाऱ्याचा फायदा इथे कळतो. घाटमाथ्यावर किंवा शहरात क्षितिज डोंगरांनी आणि इमारतींनी झाकलेले असते. मालवणच्या रॉक गार्डनवर किंवा तारकर्लीच्या पुळणीवर पश्चिमेचे क्षितिज पाण्यापर्यंत मोकळे असते. पश्चिमेकडून येणारे स्थानक उगवताक्षणीच, दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर समुद्रावर असतानाच ऐकू येऊ लागते. पोलादी मोजपट्टीची पाती कापून प्लास्टिकच्या पाइपवर बसवली की चांगली दिशादर्शी अँटेना होते. जगभरचे हौशी लोक ती अशीच बनवतात.

आणि पाऊस? फ्री डिशच्या लहरी दहा-बारा गिगाहर्ट्झच्या. जुलैच्या मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखरतात, म्हणून पडद्यावरचे चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठते. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांबीची असते, तिला पावसाचा थेंब अडवत नाही. घरातला टीव्ही पावसाने बंद पडलेला असतानाही अंतराळ स्थानक ऐकू येऊ शकते.

हॅम टीव्ही आणि समुद्रावरचा उपग्रह

हलते चित्रही हौशी लहरींवरून आलेले आहे. स्थानकाच्या कोलंबस या युरोपीय कक्षात हॅम व्हिडिओ नावाचा प्रक्षेपक बसवला गेला. फेब्रुवारी २०१६मध्ये ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक यांनी त्यावरून एका इंग्लिश शाळेतल्या मुलांशी संवाद साधला आणि मुलांना ते बोलताना दिसलेही. २०१८मध्ये तो प्रक्षेपक बंद पडला आणि दुरुस्तीसाठी पृथ्वीवर आणावा लागला. जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा त्यांनीही हॅम रेडिओवरून भारतीय विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.

सुरुवातीला सांगितलेला एस-हेल-२ नोव्हेंबर २०१८मध्ये प्रक्षेपित झाला. त्यावरची हौशी सोय ‘क्यूओ-१००’ नावाने ओळखली जाते आणि फेब्रुवारी २०१९पासून खुली आहे. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा प्रदेश तिच्या टप्प्यात येतो. अंटार्क्टिकावरचे जर्मनीचे नॉयमायर संशोधन केंद्रही तिच्यावरून बोलते. एक भाग आवाज, मोर्स आणि मंदगती चित्रांसाठी आहे, तर १०,४९१ ते १०,४९९ मेगाहर्ट्झचा पट्टा डिजिटल दूरचित्रवाणीसाठी. त्यावर एक दीपस्तंभ-वाहिनी सतत चालू असते, म्हणजे आपली छत्री बरोबर वळली की नाही हे लगेच कळते.

छत्रीच्या टोकाला लावायचा एलएनबी, म्हणजे संकेताची वारंवारता उतरवणारा भाग, बाजारात मिळतो तोच चालतो. तो ९,७५० मेगाहर्ट्झ वजा करून संकेत खाली आणतो, त्यामुळे हा पट्टा ७४१ ते ७४९ मेगाहर्ट्झवर येतो. घरातले सेट टॉप बॉक्स ९५०च्या खाली पाहत नाहीत, म्हणून त्यांना हा उपग्रह दिसत नाही. संगणकाला जोडायचा छोटा सॉफ्टवेअर रेडिओ किंवा हौशी दूरचित्रवाणीसाठी बनवलेला ट्यूनर ही उणीव भरून काढतो.

किनाऱ्यावर खरी अडचण माडांची. ३३ अंशांच्या उंचीवरचा उपग्रह दिसायचा तर जमिनीवर ठेवलेल्या छत्रीसमोरचा पंधरा मीटर उंच माड किमान तेवीस-चोवीस मीटर दूर हवा. ६० अंशांवरच्या जीसॅटसाठी नऊ मीटर पुरतात. दुसरा शत्रू खारा वारा. तो जोडण्यांत शिरून तांब्याला हिरवा थर आणतो. प्रत्येक जोड रबरी चिकटपट्टीने घट्ट गुंडाळणे आणि पावसाळ्याआधी तपासणे एवढे केले तरी छत्री टिकते.

पाहणाऱ्यांचा हातभार

या किनाऱ्याने आकाश पाहणाऱ्यांना पूर्वीही जागा दिली आहे. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले होते. हेलियमच्या शोधाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. तो शोध १८६८ सालचा आणि लॉकयर यांची त्या वेळची निरीक्षणे इंग्लंडमधली. विजयदुर्गला मान मिळतो तो १८९८च्या मोहिमेचा. ‘मेल्पोमेन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना लॉकयर यांनी कामे वाटून दिली आणि तालीम घेऊन निरीक्षणाला उभे केले. शास्त्रज्ञ नसलेली माणसे शिस्तीने पाहू लागली की त्यांचे पाहणे विज्ञानाच्या उपयोगी पडते, याचा तो पुरावा होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते.

आज तालीम द्यायला युद्धनौका लागत नाही. स्थानकाची वेळ फोनवर कळते, अँटेना एका दुपारी तयार होते, आणि झेललेले चित्र जगभरच्या चित्रांच्या संग्रहात जमा करता येते. स्वतः लहरी पाठवायच्या असतील तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. ती विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे. मे २०२१च्या तौक्ते वादळात या जिल्ह्यातली वीज आणि फोन बंद पडले होते, हे आठवले की परवानाधारक हॅम गावात असण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शाळा-महाविद्यालयांना आग्रहाने सांगावेसे वाटते: प्रयोगशाळेच्या छपरावर समुद्राकडे तोंड करणारी एक छत्री आणि मोजपट्टीची एक अँटेना बसवा. भूगोलातले रेखांश, भौतिकशास्त्रातला डॉप्लर परिणाम, गणितातली त्रिकोणमिती या तीन विषयांचे धडे तिथे एकाच संध्याकाळी होतील. पुढच्या मोहिमेचे थेट प्रक्षेपण लाखो लोकांबरोबर पाहण्याचा आनंद आहेच. पण पडद्यामागची लहर एकदा स्वतः झेललेला विद्यार्थी तेच प्रक्षेपण जाणकाराच्या नजरेने पाहील, आणि उद्याच्या ब्याललूत किंवा खोडदला लागणारी माणसे अशाच विद्यार्थ्यांतून घडतील.